चेनचा ताण, ढील की झोळ? आणि ‘चेन वाढली’ म्हणजे नक्की काय?

किकस्टार्ट
एका जुन्या मोटरसायकलच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. गाडी पुढे पुतण्याकडे जाणार आहे, त्याला इंग्रजी पुस्तिका वाचायचा कंटाळा येतो. क्लच, कार्बोरेटर, टॅपेट सगळं निभावलं आणि मागच्या चेनपाशी अडलो. प्रकरणाचं नाव ‘चेन टेन्शन’, म्हणून मी सरळ ‘साखळीचा ताण’ लिहिलं. खाली लिहिलं की गाडी चाकांवर उभी असताना, खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चकत्यांच्या) मधोमध चेन पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिमी वरखाली हलली पाहिजे. पुतण्यानं वाचून विचारलं, “काका, ताण १९ मिलिमीटर म्हणजे चेन तेवढी ओढायची का?”

त्याचं काही चुकलं नाही. नाव ताणाचं आणि मोजतोय सैलपणा. १९ चे २५ झाले तर ताण वाढला म्हणायचं की उतरला?

दुसरं. मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, “चेन वाढलीय, बदल.” मी तसंच लिहिलं. आई म्हणाली, वाढली म्हणजे तुटली. तुटलेली चेन बदला हे पुस्तकात कशाला सांगायचं?

वंगण
ढील. हातात पाना धरणारा कुणीही ‘ताण’ म्हणत नाही. “चेनला ढील किती ठेवलीस?” असंच विचारतात. ढील ठेवायची असते, हा मुद्दा त्या क्रियापदातच आलाय.

मी एकदा गाडी डबल स्टँडवर घेऊन चेन मस्त आवळली. दिसायला सरळ रेघ. मग दोघं बसून निघालो तर प्रत्येक खड्ड्यात मागून कण्हल्यासारखा आवाज. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट आणि मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा वरखाली हलणारा दांडा, जिथे फिरतो तो बिंदू एका जागी नसतात. त्यामुळे चाक वर गेलं की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बिंदू आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त होतं. ढील राखून ठेवायची ती या क्षणासाठी. मी ठेवली नव्हती, आणि काही महिन्यांत गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. ‘ताण’ वाचून शिकणारा पोरगा तेच करेल. पुतण्याला हा शब्द देऊ नका, कळकळीनं सांगतोय.

शब्दवेडी
वंगणदादा, मुद्दा पटला, पण ढील का? मराठीत ‘सैल’ आहे ना. गाठ सैल, जीभ सैल, अंगरखा सैल. ढील पतंगाच्या दोऱ्याला द्यावी. ‘साखळीचा सैलपणा’ म्हटलं की पुतण्यालाही कळेल आणि त्याच्या आजीलाही.

आकडेमोड
शब्दवेडी, सैल आणि ढिला एकाच घरचे आहेत. दोघांचं मूळ संस्कृत शिथिल, प्राकृतात सिढिल. एक ढ धरून राहिला, एकानं तो गाळला. मग एकाला घरचा आणि दुसऱ्याला पाहुणा कसं ठरवायचं?

आणि ताणाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. विश्वकोशात ‘पृष्ठताण’ आहे, शाळेच्या पुस्तकात दोरीतला ताण आहे. शास्त्रात हा शब्द रुळलाय. तो केवळ गॅरेजमध्ये चालत नाही म्हणून टाकून द्यायचा?

वंगण
शास्त्राचंच घ्या. उभ्या गाडीच्या चेनमध्ये स्वतःच्या वजनापुरता ताण असतो, बास. चालू गाडीत इंजिन ओढतं तेव्हा वरची बाजू ताठ आणि खालची सैल. थ्रॉटल सोडला आणि इंजिननं गाडीला धरलं की उलट, खालची ताठ, वरची सैल. ताण असा सारखा जागा बदलतो. बोट लावून आपण मोजतो तो ताण नव्हेच. म्हणजे तुमच्या शास्त्रानंही शीर्षक चूक.

आकडेमोड
हे मान्य. मग ‘खेळ’ म्हणा. क्लचच्या लिव्हरला ‘प्ले’ असतो, तसा चेनचा खेळ.

जुनंलोखंड
खेळ नको, बेअरिंग गेलं की चाकाला खेळ येतो, तो दोष असतो. इथे सैलपणा गुण आहे. आमच्या वडिलांचा शब्द ‘झोळ’. “चेनला झोळ आलाय, बघ जरा.” ओले कपडे टाकले की दोरीला येतो तोच. त्यांच्या बोलण्यात ढील आपण देतो आणि झोळ आपोआप येतो. मला हा फरक फार नेमका वाटतो. पाना चालवून देता ती ढील, हजार-दीड हजार किलोमीटरनंतर दिसतो तो झोळ.

शब्दवेडी
वा, हे सुंदर आहे. झोळ घेते मी.

वंगण
सुंदर आहे पण मापाला धोक्याचं. झोळ म्हणजे नुसती लोंबणारी चेन. पुस्तिकेतलं १९ मिमी हे खाली दाबून जिथे जाते तिथून, वर उचलून जिथे अडते तिथपर्यंतचं पूर्ण अंतर. एका मित्रानं पट्टी धरली, चेन नुसती वर उचलून १९ मोजले आणि खूश झाला. खाली जाणारा भाग धरलाच नाही. प्रत्यक्षात चेन बरीच सैल राहिली, गिअर बदलताना ठक्क ठक्क वाजायची.

जुनंलोखंड
मग शीर्षकात झोळ आणि मापात ढील. दोन्ही ठेवा.

चौथागिअर
मूळ लेखातली दुसरी शंका सगळे विसरले. ‘वाढली’. किकस्टार्ट, तुमच्या आई बरोबर आहेत आणि मिस्त्रीही. बांगडी वाढवतात, मंगळसूत्र वाढतं, नारळ वाढवतात. जे तुटलं, फुटलं म्हणवत नाही तिथे आपण वाढलं म्हणतो. मिस्त्रींची चेन मात्र खरोखर लांबीनं वाढलेली. मी ‘ताणली गेली’ असं लिहिलं असतं.

आकडेमोड
‘ताणली गेली’ तर मुळीच नको! चेनच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. आतली पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात केसाएवढी जागा होते आणि शंभरेक सांध्यांची मिळून चेन लांब दिसते. जुना ठोकताळा असा की फूटभर चेन पाव इंचानं लांबली की बदलायची, म्हणजे साधारण २ टक्के. ‘ताणली’ वाचणारा म्हणेल, मी जोरात पळवली म्हणून झालं. ‘झिजली’ वाचणारा तेलाचा डबा उचलेल. शब्दानं माणूस काय करतो ते बदलतं, म्हणून मी अडून बसतोय.

चौथागिअर
पण झिजलेली वस्तू कमी होते. चंदनाचं खोड झिजतं, साबण झिजतो, चपलेची टाच झिजते. झिजून लांब होणारी एक तरी वस्तू मराठीत दाखवा. वाचणारा अडखळणारच.

आकडेमोड
‘झिजून लांबली’. दोन शब्द, कारण आणि परिणाम दोन्ही.

शब्दवेडी
मिस्त्री आणि आई यांच्यात मी आईच्या बाजूनं. तरी ‘वाढली’ पुस्तिकेत एकदा तरी यावा, नाहीतर गॅरेजमध्ये कुणी म्हणालं तर पोराला कळायचं नाही.

जुनंलोखंड
पुस्तिका करताच आहात तर क्रमही लिहा. इंजिनापासून गिअरबॉक्स वेगळा असणाऱ्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत आतल्या चेनची (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या) ढील गिअरबॉक्स मागेपुढे सरकवून ठेवतात. तो सरकला की मागच्या चेनचं माप हललंच. म्हणून आधी आतली, मग मागची. उलट केलं तर दिवस वाया.

आणि बुलेटच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना ती खाचांची चकती असते, तिला आमच्याकडे ‘गोगलगाय’ म्हणत. दोन्हीकडे सारख्या खाचा फिरवायच्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉडही पुन्हा लावून घ्यावा लागतो. हे लोक हमखास विसरतात.

वंगण
गोगलगाय? आम्ही ‘कॅम’च म्हणतो. पण गोगलगाय छान, शंखासारखा आकार आहेच.

चौथागिअर
जोडकडीच्या, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, क्लिपला काय म्हणता? आमच्यात ‘मासा’. बंद बाजू तोंड, चिरलेली बाजू शेपटी. तोंड चेन धावते त्या दिशेला. मासा शेपटीकडून पोहत नाही, एवढं सांगितलं की कुणी उलटी बसवत नाही.

जुनंलोखंड
आम्ही नुसतं ‘लॉक’. मासा आजपासून वापरणार.

किकस्टार्ट
सगळ्यांचे आभार. काल पुतण्याला गाडीपाशी नेलं, शीर्षकाची जागा कोरी ठेवून. त्यानं चाक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी मोजलं. एका ठिकाणी ३० मिमी, एका ठिकाणी १४. म्हणाला, “काका, इथे चेन धरतेय.” हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता. आता ताण, ढील, झोळ यांच्याबरोबर ‘धरणं’ही आलं. शीर्षक काय देऊ?

शब्दवेडी
‘धरते’ फारच छान! अडकते नाही, रुतते नाही. चालताना गुडघा धरतो, तसंच.

वंगण
मोजायचं नेहमी धरते तिथेच, १९ तिथे ठेवायचे. मोकळ्या जागी मोजून आवळलंत तर धरणारी जागा बेअरिंग खाईल. पण ३० आणि १४ एवढा फरक असेल तर चेन एकसारखी झिजलेली नाही, ती आता कितीही ढील दिली तरी सुधारणार नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दात बघा. एका बाजूला वाकून हुकासारखे झाले असतील तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला, नव्या चेनला जुने दात लगेच खराब करतात. दातांचा फोटो टाका इथे.