मदत हवी आहे: आईसोबत नॉर्मंडीतलं व्हारांजव्हिल, मुक्काम कुठे करावा?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईला घेऊन पॅरिसला जातोय. त्यातल्या दोन रात्री काढून दिएपजवळच्या व्हारांजव्हिल-स्युर-मेर या गावी जायचा बेत आहे. गाव एवढंसं, पण खडूच्या पांढऱ्या कड्यावर जुनं चर्च आणि त्याला लागून समुद्राकडे बघणारी दफनभूमी. चित्रकार जॉर्ज ब्राकला १९६३ मध्ये तिथेच पुरलं. चर्चमधलं निळं काचचित्रही त्याचंच. चित्रकार मोनेनेही १८८२ मध्ये इथले कडे रंगवले. आई चित्रकलेची निवृत्त शिक्षिका आहे. आयफेल टॉवर राहिला तरी चालेल, हे राहायला नको, असं तिने बजावलंय.

पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनवरून रुआंला गाडी बदलून दिएप, इथवर कळलं. पुढचे सात-आठ किलोमीटर कसे जायचे? उजव्या बाजूने गाडी चालवायची माझी छाती नाही. राहायचं गावातच की दिएपला? आईचे गुडघे दुखतात आणि ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. शिवाय आपल्या नवी दिल्लीवाल्या वास्तुविशारद लट्यन्सने तिथे १८९८ च्या सुमारास एक घर बांधलंय, 'बुआ दे मुतिए'. ते बघायला मिळतं का?

प्रतिसाद:
दिएपलाच राहा, स्टेशन आणि बंदर दोन्ही हाताशी. खेड्यातल्या बसच्या भरवशावर राहू नका, रविवारी तर नाहीच. टॅक्सी आधी सांगून ठेवा, आणि परतीचीसुद्धा तेव्हाच ठरवा, नाहीतर कड्यावर वाऱ्यात ताटकळाल. चर्चपाशी निवांत बसा, पण कड्याच्या कडेला जाऊ नका, तो ढासळतोय. खाली किनाऱ्यावर गोटेच गोटे, गुडघेदुखीवाल्यांचं काम नाही. तुम्ही एकटे उतरलात तर भरतीची वेळ बघून, आणि कड्याला चिकटून चालायचं नाही.

लट्यन्सचं घर खासगी आहे, उघडं असल्याची खात्री केल्याशिवाय जाऊ नका. जेवणाचं म्हणाल तर दिएपचा शनिवारचा बाजार गाठा: पाव, फळं, टोमॅटो. चीज घेताना मात्र विचारा, पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजणासारखं द्रव्य, असतं. क्रेपच्या (पातळ फ्रेंच धिरड्याच्या) पिठात अंडं असतंच असं धरून चाला.

धागाकर्ता:
धन्यवाद! रेनेटचं डोक्यातच नव्हतं. म्हणजे शुक्रवार-शनिवार मुक्काम. खोलीत चहा आणि मुगाची खिचडी करता येईल अशी, लिफ्ट असलेली जागा बंदराजवळ कुणाला माहीत आहे का?