समुद्री गरुडासाठी लांब झूमचा कॅमेरा, बजेट २५ हजार

माडाखालची:
मी हर्णैला राहते. घरामागच्या उंच सुरूच्या शेंड्याला समुद्री गरुडाच्या जोडीने घरटं केलंय. मोबाईलमध्ये नुसता ठिपका येतो. पिल्लू उडून जायच्या आत फोटो हवेत, आणि घरट्याजवळ अजिबात जायचं नाही. निकॉन पी९०० जुना घ्यावा की कॅनन एसएक्स७०? स्टँडशिवाय जमेल का?

खाडीपलीकडे:
ताई, झूमच्या आकड्याला भुलू नका. पी९०० ८३ पट, म्हणजे २००० मिमीच्या लेन्सइतका. एसएक्स७० ६५ पट, १३६५ मिमी. घरट्याला दोन्ही पुरतात. पण पी९०० जवळजवळ ९०० ग्रॅमचा, हात भरून येतो. एसएक्स७० सहाशेच्या आसपास, शिवाय रॉ फाइल (नंतर उजेड-रंग सुधारता येणारी कच्ची फाइल) देतो, जी पी९०० देत नाही. पूर्ण झूमला दोघांचंही अ‍ॅपर्चर एफ६.५, म्हणजे उजेड आत यायचं भोक बारीक, आणि प्रकाश टिपणारा सेन्सर इवलासा, त्यामुळे तिन्हीसांजेला फोटोत दाणे येणारच. सकाळी नऊच्या आत काढा. ऊन चढलं की हवा थरथरते, मग कितीही झूम असो, पिसं स्पष्ट येत नाहीत. स्टँड नसेल तर गडग्यावर (दगडी कुंपणावर) टेकवा.

वाळूत पाय:
जुना घेताना झूम पुढे-मागे करून आवाज ऐका. करकरला तर आत वाळू गेलेली, सोडून द्या. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) घालून ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.

माडाखालची:
मग एसएक्स७०च बघते. दापोलीत कुणाकडे जुना असेल तर कळवा, शनिवारी एसटीने येऊन बघून जाईन.