मदत हवी आहे : कुत्रीला जर्मनीला न्यायचंय, पण लस आधी आणि चिप नंतर झाली

नमस्कार मंडळी,

आमची चिंगी, सात वर्षांची देशी कुत्री, वजन १७ किलो. नवरा डिसेंबरपासून श्टुटगार्टला आहे. मी, लेक आणि चिंगी १२ मेला मुंबईहून फ्रँकफर्टला निघणार होतो, तिकिटंही काढून झालीत. काल रात्री तिची फाईल लावत बसले तेव्हा दिसलं, की रेबीजची लस ८ जानेवारीची आहे आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) २९ जानेवारीची. तेव्हापासून झोप नाही.

भारतातून युरोपियन युनियनमध्ये कुत्रा न्यायचा तर आधी १५ अंकी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी तपासणीसाठी रक्त, आणि रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. रक्तात लसीमुळे तयार झालेल्या अँटीबॉडीचा आकडा निदान ०.५ हवा आणि तपासणी युनियनने मान्यता दिलेल्या लॅबमध्येच व्हायला हवी. आम्ही रक्त ९ फेब्रुवारीला दिलं, रिपोर्ट परवा आला, आकडा उत्तम आहे. त्याच हिशेबाने १२ मे धरली होती. पण चिपच्या आधी टोचलेली लस तिथे धरत नाहीत असं वाचलं.

मी दवाखान्यात लसीच्या दिवशीच चिपचं विचारलं होतं. "चिप आत्ता शिल्लक नाही, पुढच्या खेपेला टाकू, काही फरक पडत नाही," असं उत्तर मिळालं. तो "काही फरक पडत नाही" अजून कानात आहे.

आता विचारायचं हे, की रिपोर्टवर चिपचा नंबर आहे, आकडाही चांगला आहे, तर तेवढ्यावर भागेल का? की सगळं पहिल्यापासून? सासरे म्हणतात, तिला साताऱ्याला ठेवा, दिवाळीत नवरा येऊन घेऊन जाईल. ते मनापासून म्हणतात, चिंगीवर त्यांचा जीव आहे. पण नवरा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी सातला दाराशी जाऊन बसते, लिफ्ट थांबली की कान टवकारते. त्यात मी आणि लेकही निघून गेलो तर तिला काय वाटेल, हा विचारच करवत नाही.

दुसरं, पिंजऱ्याचं. महिनाभर हॉलमध्ये ठेवलाय. पुढचे दोन पाय आत टाकते, मान लांब करून पोळीचा तुकडा उचलते, मागचे पाय मात्र बाहेरच. काय करावं?

प्रतिसाद

ताई, मी २०२२ मध्ये आमच्या लॅब्राडॉरला म्युनिकला आणलं. आधी वाईट बातमी सांगतो : तो रिपोर्ट चालणार नाही. चिप नसताना दिलेली लस नेमकी याच कुत्रीला दिली, याला पुरावा उरत नाही. आणि लसच बाद झाली की तिच्यावरचं रक्तही बाद. फ्रँकफर्टला अडवलं तर परत पाठवणी किंवा क्वारंटाईन. धोका पत्करू नका.

उद्याच, म्हणजे ३ मार्चला लस घ्या. टोचण्याआधी चिप स्कॅन करायला लावा आणि तो नंबर लसीच्या पुस्तकात तुमच्यासमोर लिहून घ्या. रक्त ३ एप्रिलला, मग ३ जुलैनंतर निघता येईल. पुढचे बूस्टर वेळेत दिलेत तर ही रक्ततपासणी पुन्हा कधी करावी लागत नाही.

सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र मात्र आत्ता काढू नका. ते दिल्यापासून १० दिवसांत युरोपात पोचावं लागतं, तेव्हा मुंबईच्या प्राणी क्वारंटाईन कार्यालयाची वेळ तिकिटाच्या आठवड्यातलीच घ्या. तुम्ही आणि ती एकाच विमानात असलेलं बरं. मालक आणि कुत्र्याच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात. १७ किलोची म्हणजे केबिनमध्ये नाहीच, होल्डमध्ये, म्हणजे खाली सामानाच्या कप्प्यात. तिकीट बदलण्याआधी विमान कंपनीकडून तिची जागा पक्की करा, त्यांची ठरलेली संख्या असते.

पिंजऱ्याचा दरवाजा आणि वरचा भाग दोन्ही काढून ठेवा. नुसत्या तळात नवऱ्याचा न धुतलेला टी-शर्ट अंथरा, जेवण तिथेच द्या. ती झोपायला लागली की आठवड्याने वरचा भाग, आणि दरवाजा सगळ्यात शेवटी. वरचा-खालचा भाग जोडायला प्लास्टिकच्या क्लिपा नकोत, धातूचे नट-बोल्ट लावा. पाण्याचं भांडं दाराला अडकवून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, चढवताना सांडत नाही. आणि कुणी कितीही सांगितलं तरी गुंगीचं औषध देऊ नका. वर श्वासाला आणि रक्तदाबाला ते जड जातं.

प्रतिसाद

व्हिसाची मुदत पाहिलीत का? जुलैत जायचं तर ती आधी बघा. शाळेची चिंता नको, श्टुटगार्टकडे शाळा सप्टेंबरमध्ये उघडतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. व्हिसा ३० जुलैपर्यंत आहे, आत्ताच पाहिला. नवऱ्याशी बोलले. तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "तिला घेऊनच या." तिकीट ७ जुलैचं करतेय, कंपनीने होल्डमधली जागा कळवली की लगेच. सासऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, तोवर मीच पुण्याला येतो, तिला फिरवायला.

उद्या सकाळी दहाची वेळ दुसऱ्या दवाखान्यात घेतली आहे. फोनवर पहिला प्रश्न विचारला, "स्कॅनर आहे का?" आहे म्हणाले.

पिंजऱ्याचा वरचा भाग आत्ताच काढला. टी-शर्ट अंथरलाय. तिने तीनदा हुंगला आणि हनुवटी टेकवली. मागचे पाय अजून फरशीवरच आहेत.