लॉकडाऊनमध्ये तुमच्या हक्काच्या रजांचं काय झालं?

निवांत_कधीतरी
आयकराचे कागद शोधताना एप्रिल २०२० ची पगाराची स्लिप हाती लागली आणि डोकं परत तापलं. 'हजर दिवस' कोरा, 'पीएल शिल्लक' शून्य. पीएल म्हणजे हक्काच्या पगारी रजा, बहिणीच्या बाळंतपणासाठी जपून ठेवल्या होत्या त्या. ऑफिस बंद सरकारच्या हुकमाने, रजा मात्र माझ्या खर्ची! वर एचआरचा मेल, 'आपल्या सोयीसाठी रजा समायोजित केल्या आहेत.' तुमच्याकडे काय झालं? लिहा, मोकळे व्हा.

चक्रमादित्य
आमच्याकडे रजेला हात नाही लावला. डायरेक्ट पगारच समायोजित केला 😂

शिफ्ट_बी
२९ मार्चचा गृहमंत्रालयाचा आदेश आठवतो का, बंदच्या काळातला पगार न कापता द्या म्हणणारा? युनियनने तो नोटीस बोर्डावर लावला, एप्रिलचा पगार पूर्ण आला. १८ मेपासून आदेशच मागे घेतला. संध्याकाळी बोर्डावर नुसत्या टाचण्या. मग १२ जूनला सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवा. अहो, बोलायला गेटच्या आत तर घ्या! आम्ही परमनंट म्हणून निदान भांडलो तरी. ठेकेदाराच्या पोरांची नावं मस्टरवरून कधी गेली ते त्यांनाही कळलं नाही.

मीनाक्षी_क
+१ शिफ्ट_बी. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

अबोली
माझी १ मेची सुट्टी कापली होती. कारण काय, तर ३० एप्रिल आणि २ मे 'गैरहजर', म्हणून मधला दिवस सँडविच. कामगार दिनाचं सँडविच! दुकाने-आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार पगारी सुट्ट्या नावानिशी लिहिल्यात. तेवढी एक ओळ मेलमध्ये टाकून साहेबांना सीसी केलं. पुढच्या पगारात पैसे गुपचूप जमा. उत्तर आजतागायत नाही.

चक्रमादित्य
अबोलीताई, दंडवत 🙏

सदू_पॅकिंगवाला
मी पॉझिटिव आलो तर सुपरवायझर म्हणे घरी बस, बिनपगारी. दर महिन्याला ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापत होते ते कशाला मग? लाइनवरच्या एका दादानी सांगितलं की आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतात, आणि ते मालक नाही, महामंडळ देतं. सर्टिफिकेट घेऊन गेलो, उशिरा आले पण आले. बायको अजून म्हणते तुझ्या आजारपणात घर बरं चाललं

निवांत_कधीतरी
@सदू_पॅकिंगवाला, वहिनींना नमस्कार 😄 आम्हाला ईएसआय नाही, पगार मर्यादेच्या वर. म्हणजे कागदावर श्रीमंत.

शिफ्ट_बी
एक राहिलं. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, मग २० दिवसांमागे १ रजा. ठरलेल्या लेऑफचे, म्हणजे काम नाही म्हणून बसवून ठेवल्याचे, दिवस त्या २४० मध्ये धरत, पण त्या दिवसांवर रजा चढत नसे. आमच्या टाइम ऑफिसने 'धरतात' हे वाचलंच नाही, 'चढत नाही' हे तोंडपाठ. लेखी मागा, तोंडी मागितलेलं सगळे विसरतात.

मीनाक्षी_क
आले परत. मी तापाने फणफणलेली आणि साहेब म्हणतात कॅमेरा चालू कर, 'आजारी असलीस तरी घरीच आहेस ना'. सिक लीव्हही टाकून घेतली आणि कामही करून घेतलं. अशा दिवसाला काय म्हणायचं?

चक्रमादित्य
कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी. पुढच्या जन्मी.

गोगलगाय
थोडं अवांतर. तेव्हा पीएफमधून कोविड अ‍ॅडव्हान्स कुणी काढला होता का? शिल्लकेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), जे कमी ते. माझा क्लेम परत आला, आधारवर वडिलांचं नाव आधी, पीएफमध्ये आडनाव आधी.

सदू_पॅकिंगवाला
सेम!! माझी तर जन्मतारीख पण वेगळी

अबोली
@गोगलगाय, कंपनीकडून जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नाव दुरुस्तीचा दोघांच्या सहीचा अर्ज, भरून घ्या. कंपनी चालू आहे ना अजून?

गोगलगाय
तिथेच तर घोडं अडलंय.