आयर्विन पुलाला आता पेन्शनीत काढायचं का?

कृष्णाकाठचा: शेजारी समांतर पूल आल्यापासून एकच ऐकतोय: आयर्विन बंद करा, फक्त चालणाऱ्यांना ठेवा. १९२९ साली सांगली संस्थानानं कृष्णेवर बांधलेला दगडी कमानींचा पूल. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तरी हा जागेवर. अजून पावसाळ्यात सगळी सांगली एकच विचारते, "आयर्विनला किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका. असा पूल म्हातारा झाला म्हणून बाजूला बसवायचा?

सांगलवाडीकर: भावना ठीक. पण महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूलही १९२८ चाच होता ना? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, दोन एस.ट्या गेल्या. तोवर तोही 'जागेवर'च होता! ट्रक, उसाचे ट्रॅक्टर नव्या पुलावरून जाऊ देत. ह्यात अपमान कसला?

कृष्णाकाठचा: सावित्रीच्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो ठीक ठरला होता. मग दोष वयाचा की तपासणीचा?

सांगलवाडीकर: तपासणीचा, कबूल. म्हणूनच माझा भरवसा नाही. वरून बघून पायाखालची धूप कळत नाही.

गवंड्याचा_नातू: दोघंही वरच बघताय. दगडी कमान दाबावर उभी असते. दगड सहसा दगा देत नाही, दगडांमधला चुना झिजतो. सांध्यात पिंपळ रुजला की मूळ दगड सरकवतं. वरून कापलं की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर, ते मुळासकट काढून दरज चुन्यानंच भरावी लागते. सिमेंट लिंपलं की आत मुरलेलं पाणी कोंडतं. आणि डांबरावर डांबर चढवताना आधीचा थर खरवडला नाही, तर पुलाच्या डोक्यावर फुकटचं ओझं. ही कामं स्वस्त असतात, म्हणूनच होत नाहीत. स्वस्त कामाला नारळ कोण फोडणार?

पंचगंगेकडचा: आमच्याकडं कोल्हापुरात शिवाजी पुलाशेजारचा नवा पूल ब्रह्मपुरीच्या संरक्षित टेकडीमुळं पुरातत्त्वाच्या कायद्यात अडकून अर्धवट राहिला होता. जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलावरून मिनीबस नदीत पडली, १३ जण गेले. वारसा वारसा म्हणताना हेही आठवा.

गवंड्याचा_नातू: आठवतंय. पण तिथं पूल पडला नव्हता हो, कठडा तुटला होता. मोटारगाड्यांच्या आधीच्या काळातला कठडा तो, बसचा धक्का कसा सोसणार? तो मजबूत करायला नव्या पुलाची वाट बघायची गरज नव्हती.

सांगलवाडीकर: मग माझंच म्हणणं झालं की. जुन्यावर अवजड वाहन नको.

कृष्णाकाठचा: बरं, अवजड नको, मान्य. दुचाकी-रिक्षा मात्र राहू द्या. रोजची वर्दळ थांबली की पिंपळ उगवलेला दिसणार कुणाला? पुरात पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांना?

सांगलवाडीकर: त्यांना तरी दिसेल. तपासणीवाल्यांपेक्षा जवळून जातात ती.