'ब्रेकअप झाला' आणि 'वी ब्रोक अप': नात्यांची इंग्रजी क्रियापदं

(बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या गप्पा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा शहरातला भाग दिला आहे.)

फतेगंज: आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला माझ्याकडे येणारी मराठी मुलं मित्रमैत्रिणींविषयी बोलायला लागली की हमखास 'माय ब्रेकअप हॅपन्ड' म्हणतात. 'फॉल आउट', 'मेक अप', 'गेट ऑन' यांचे अर्थ त्यांना पाठ आहेत, वाक्य मात्र बसत नाही. प्रत्येकाला नेमका मराठी प्रतिशब्द दिला तर सोपं जाईल का?

रावपुरा: प्रतिशब्द द्या की, पण घोडं तिथे अडलेलं नाही. मराठीत नात्याचं जे व्हायचं ते आपोआप होतं. आमचं जुळलं, आमचं पटलं, आमचं बिनसलं, त्यांचं फाटलं. माणसं 'आमचं-त्यांचं'च्या आड जाऊन बसतात. भांडण कोणी उकरून काढलं, हे त्यामुळे विचारावंच लागत नाही, आणि पुष्कळदा ते बरंही असतं. इंग्रजीत माणसालाच कर्ता म्हणून पुढे यावं लागतं: 'वी गेट ऑन', 'वी फेल आउट', 'वी ब्रोक अप'. आपण 'ब्रेकअप' हे नाम उचललं, त्याला 'झाला' जोडलं आणि आपल्या साच्यात बसवलं. मराठी म्हणून ते वाक्य चोख आहे. तेच उलट इंग्रजीत नेलं की 'हॅपन्ड' येतं.

म्हणून 'मी', 'ती', 'आम्ही' यांनी सुरू होणारी वाक्यं करून घ्या. आणि 'विथ'कडे लक्ष द्या. 'दे ब्रोक अप' म्हटलं की दोघांचं मोडलं एवढंच कळतं. 'शी ब्रोक अप विथ हिम' म्हटलं की सोडणारी ती, हेही कळतं.

उच्चारही सांगून ठेवा. 'ब्रेकअप' नाम असलं की जोर 'ब्रेक'वर. क्रियापद असलं की 'अप'वर, आणि लिहिताना दोन शब्द वेगळे.

कारेलीबाग: 'गेट ऑन'साठी पुण्याकडचं 'पटणं' घेण्याआधी आपलं बडोद्याचं 'फावणं' बघा. 'मला नणंदेशी छान फावतं' असं आपण सहज बोलतो. गुजरातीतून आलेलं असलं तरी आता ते आपलंच आहे. पुण्याच्या पाहुण्यांना मात्र ते भलतंच वाटतं, कारण तिकडे 'त्याचं फावलं' म्हणजे त्याने संधी साधली. 'पटणं' माणसांशी किंवा मतांशी. 'फावणं' माणसाशी, कामाशी, नव्या जागेशीही. 'गेट ऑन'ही असंच ऐसपैस आहे: सुनेशी कसं चाललंय आणि नव्या नोकरीत कसं चाललंय, दोन्हीकडे चालतं. अमेरिकेत माणसांच्या बाबतीत 'गेट अलाँग' जास्त म्हणतात.

दांडिया बाजार: 'फॉल आउट' म्हणजे कट्टी आणि 'मेक अप' म्हणजे बट्टी, एवढं मुलांना पुरे. शेजारची गुजराती पोरं 'किट्टा-बुच्चा' म्हणतात, तेच ते.

रावपुरा: काका, बट्टी कबूल, कट्टी नाही. कट्टी जाहीर करतात, करंगळी दाखवून. 'फॉल आउट'मध्ये जाहीर काही नसतं, भांडण होतं आणि बोलणं बंद पडतं. म्हणून 'बिनसणं'च बरं. ज्यावरून बिनसलं त्याला 'ओव्हर' लागतं: 'दे फेल आउट ओव्हर मनी'.

मांजलपूर: 'फॉल फॉर'ला 'प्रेमात पडणं' लिहिलेलं असतं, मला 'भुलणं' आवडतं. इंग्रजीत माणसावरही 'फॉल' होतात आणि थापेलाही 'फॉल' होतात. मराठीतही रूपाला भुलतात, थापांना भुलतात.

'आस्क आउट'ला, म्हणजे 'माझ्याबरोबर फिरायला येशील का' असं विचारण्याला, मात्र काही सापडत नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली आठ भाषांचा शासनशब्दकल्पतरू हा कोश निघाला, पण तो राज्यकारभाराच्या शब्दांचा. त्यात हे कशाला असेल!

कारेलीबाग: ताई, 'त्याने तिला विचारलं' एवढंच म्हणा. काय विचारलं ते अख्ख्या पोळाला, म्हणजे सगळ्या गल्लीला, कळतं. वाक्यात 'हर' मधे येतं, हे तेवढं शिकवा: 'ही आस्क्ड हर आउट'. 'आस्क्ड आउट हर' नाही. 'ही स्टूड मी अप'चंही तसंच, म्हणजे भेटायचं ठरवून तो आलाच नाही. पण 'लुक आफ्टर', 'टेक आफ्टर' ही जोडी फोडायची नाही. 'टेक आफ्टर'ला आपल्याकडे झकास शब्द आहे: आईच्या वळणावर गेली.

फतेगंज: आणि 'ड्रिफ्ट अपार्ट'? कॅनडाला गेलेल्या मित्राविषयी एका मुलाला हेच म्हणायचं होतं.

रावपुरा: 'दुरावणं'. भांडण नाही, सोडचिठ्ठी नाही, फोन कमी होत गेले. कर्ता इथेही 'वी'च, पण दोष कोणाकडेच जात नाही, म्हणून आपल्या मुलांना हे लवकर जमेल. फक्त त्याला 'वी ब्रोक अप' म्हणू देऊ नका, परीक्षक भलताच अर्थ घेईल.