चाळ पाडून टॉवर होतोय: तळमजल्यावरचे जुने गाळे टिकवायचे कसे?

लालबागचा_गाळा

लालबागमधली १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी) चाळ. तळमजल्यावर पाच गाळे, सगळे पागडीचे (एकरकमी पागडी देऊन कमी भाड्याने घेतलेले): पिठाची गिरण, पोळी-भाजी केंद्र, शिंपी, किराणा, सलून. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींसाठीच्या नियमाने, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. समोरच्या गल्लीत कॅफे आणि बेकऱ्या आल्यात, त्यांच्या भाड्याचे आकडे ऐकून पाचातले दोघे आत्ताच गाळा 'कंडक्टिंग'ला (कागदावर धंदा आपला ठेवून दुसऱ्याला चालवायला) द्यायच्या विचारात आहेत. शिंप्याचा मुलगा जवळच भाड्याने गाळा घेऊन स्वतःचं बुटीक काढतोय.

नव्या इमारतीत गाळेवाल्यांना नक्की काय मिळतं? करारात काय लिहून घ्यावं? कंडक्टिंगमध्ये धोका किती? आणि मुलाने भाडेकरारात काय बघावं?

चटईक्षेत्र

आधी हक्काचं. ३३(७) मध्ये राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र आहे. दुकानाला ही किमान मर्यादा लागू नाही, जेवढा गाळा आज आहे तेवढाच. म्हणून ९० चौरस फुटांचा सलूनवाला '३०० मिळणार' या समजुतीत असेल तर त्याला आजच सांगा. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली भाडेदारी असेल तर लाभच नाही, त्यामुळे त्याआधीच्या पावत्या शोधून ठेवा.

सगळं अडतं ते भाडेकरूंच्या प्रमाणित यादीवर. ही यादी म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं. तिच्यात नाव, वापर आणि क्षेत्रफळ अशा तीन गोष्टी असतात आणि तिन्ही चुकू शकतात. पावती आजोबांच्या नावाने, गुमास्ता (दुकानाचा परवाना) वडिलांच्या, वीजबिल तिसऱ्याच्या, हे नेहमीचं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुकानाचा वारस आधी कोण, तर भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणारा घरातला माणूस. तसं कोणी नसेल तर बाकीचे वारस. त्यामुळे बहीण-भावांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या, यादी झाल्यावर भांडण निघालं की तो गाळा 'वादग्रस्त' म्हणून बाजूला पडतो. पोटमाळा असेल तर यादीत त्याचा वेगळा उल्लेख आहे का पाहा. तोंडी 'तो धरलाय' याला काही किंमत नाही. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, भिंतीच्या आतून आतपर्यंतचं माप घ्या आणि त्या कागदाची प्रत मागा.

आता करार. चौरस फूट तेवढेच देऊनही दुकान मारता येतं. २०० चौरस फुटांचा गाळा १२ फूट तोंडाचा आणि ८ फूट तोंडाचा, दोन्ही २००च. पण ८ फुटी गाळा २५ फूट खोल जातो, त्यात काउंटर लावला की गिऱ्हाईक उभं राहायला जागा नाही. म्हणून कराराला मंजूर नकाशा जोडा, त्यावर प्रत्येकाचा गाळा क्रमांकासह रंगवा आणि हे शब्दांत लिहा: तळमजला, रस्त्याकडे तोंड, दर्शनी रुंदी इतके फूट, फुटपाथपासून पायऱ्या किती, आतली उंची किती. विकासक रस्त्याचं तोंड विक्रीच्या गाळ्यांसाठी राखतो आणि जुन्यांना मागे, पार्किंगच्या रॅम्पशेजारी ढकलतो. नकाशा बदलला तर गाळेवाल्याची लेखी संमती लागेल, हे कलमही हवंच.

धंद्यानुसार मागण्या वेगळ्या. गिरणीला थ्री फेज जोडणी आणि मंजूर भार, शिवाय जात्याखाली कंपन शोषणारा वेगळा पाया. तो नसेल तर वरच्या मजल्यावरून पहिल्या महिन्यात तक्रार येते. पोळी-भाजी केंद्राला पाण्याची जोडणी, मोरी, चरबी अडवणारा चेंबर आणि गच्चीपर्यंत धुराड्याची डक्ट. ही डक्ट मूळ नकाशातच हवी. नंतर बाहेरून पत्र्याची चढवायची म्हटलं तर सोसायटीही अडवते आणि अग्निशमन दलही. डिसेंबर २०१७ च्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, खाण्याच्या धंद्यात ही बाब किरकोळ समजू नका. आणि एक वाक्य सगळ्यांसाठी: 'सध्याचा व्यवसाय नवीन इमारतीत चालू ठेवण्यास संस्थेची हरकत राहणार नाही.'

बांधकामाच्या काळातलं भाडं घराच्या दराने घेऊ नका, जवळच्या गाळ्यांच्या दराने मागा, दरवर्षीच्या वाढीसकट. पुनर्वसनाचे गाळे ताब्यात दिल्याशिवाय विकासक विक्रीच्या भागाचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) घेणार नाही, हेही लिहून घ्या.

परत आल्यावरचा खर्चही आज मांडा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, दुकानांना नाही. वर सोसायटीचा देखभाल खर्च. आज शे-दोनशे रुपये भाडं भरणारा शिंपी यातच बाहेर फेकला जातो, बिल्डरमुळे नव्हे. लिफ्ट, जिम, पोडियमचा खर्च गाळ्यांवर लावायचा नाही, हे करारातच ठरवा.

लघुवाद_धोबीतलाव

कंडक्टिंगबद्दल. त्या दोघांना आत्ता थांबवा. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे निष्कासनाचं, म्हणजे जागेतून काढण्याचं, सरळ कारण आहे, आणि पुनर्विकास तोंडावर असताना मालक तेच शोधत असतो. 'कंडक्टिंग ॲग्रीमेंट' असं कागदावर लिहून भागत नाही. कोर्ट बघतं ताबा कुणाकडे आहे ते. पाटी कॅफेची, खाद्य परवाना कॅफेच्या नावाने, जीएसटी त्यांचा, वीजबिल तेच भरतात, चावी त्यांच्याकडे आणि तुम्हाला महिन्याला ठरावीक रक्कम: पोटभाडं ठरायला एवढं पुरेसं आहे. उलट टोकही तेवढंच धोक्याचं. सबळ कारणाशिवाय सहा महिने शटर बंद ठेवलं तरी दावा लागू शकतो.

खरंच सोडायचं असेल तर मालकाला सोबत घेऊन रीतसर हस्तांतर करा. पागडी घेणं १९९९ च्या कायद्याने वैध आहे. मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांश घेतात, पण तो रिवाज आहे, कायद्यात आकडा नाही, म्हणून घासाघीस होते. मालक भाडं घ्यायचं टाळत असेल तर बँकेतून पाठवा आणि सोबत स्पीड पोस्टाने पत्र. थकबाकीची नोटीस आली तर ९० दिवस असतात, ते वाया घालवू नका.

हिशेबाची_वही

शिंप्याच्या मुलासाठी. लीव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर) घेतलेल्या गाळ्याला पागडीचं संरक्षण नाही. मुदत संपली की मालक लघुवाद न्यायालयात जागा खाली करून घ्यायचा दावा लावू शकतो. म्हणून फर्निचरवर पाच-सहा लाख घालून ११ महिन्यांचा करार करणं म्हणजे मालकाचा गाळा फुकट सजवून देणं. भाग वर चढतोय तिथे पहिल्या नूतनीकरणालाच भाडं उडी मारतं आणि नवे धंदे जुन्यांच्याही आधी उठतात. ३६ किंवा ६० महिन्यांचा करा, वाढ टक्क्यांत आधीच लिहा, लॉक-इन (करार मधेच मोडता न येणारा काळ) दोघांना सारखा ठेवा आणि नूतनीकरणाचा पर्याय भाडेकरूच्या हातात, लेखी.

खर्च बघा. महिना ४०,०००, ३६ महिने, परत मिळणारी अनामत ३ लाख. एकूण भाडं १४,४०,०००, अनामतीवर १० टक्के दराने तीन वर्षांचं धरलेलं व्याज ९०,०००, बेरीज १५,३०,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ३,८२५ रुपये, नोंदणी १,०००. एवढ्यासाठी लांब मुदत टाळू नये. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के वेगळे, आणि मुलगा कंपोझिशनमध्ये (जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या योजनेत) असेल तर ते वळते मिळत नाहीत. तेव्हा त्याचं खरं भाडं ४७,२०० धरा.

लालबागचा_गाळा

खूप आभार, गाळ्यांची मापं या रविवारीच घेतो. एक राहिलं. फुटपाथवर भाजी आणि मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांचं काय? त्या कुठल्याच यादीत नाहीत.

चटईक्षेत्र

पुनर्विकासाच्या यादीत त्या येणारही नाहीत. त्यांचा आधार २०१४ चा पथविक्रेता कायदा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत हटवता येत नाही, आणि हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल उचलला तर उचललेल्या मालाची सही केलेली यादी जागेवरच मागायची. नाशवंत माल दावा केल्यावर त्याच दिवशी सुटतो, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. बायकांना एवढं करायला सांगा: पूर्वी महापालिकेची पावती फाडली असेल ती जपून ठेवा, आणि काम सुरू व्हायच्या आत, जुनी चाळ मागे दिसेल असा बसल्या जागेचा फोटो तारखेसह काढून ठेवा. बांधकामाचे पत्रे लागल्यावर कोण कुठे बसत होतं हे दाखवता येत नाही.